अडचणीच्या आधीचा आठवडा

१९ मार्च. सकाळपासून गच्चीवर बेडगी मिरचीचे देठ काढत बसले आहे. मिरची अशी वाळली आहे की पाटीत हात घातला की खुळखुळ्यासारखी वाजते. या कामाला डोकं लागत नाही, म्हणून डोकं भलतीकडं जातं. मघाशी पुण्याहून मुलीचा फोन आला होता. पाडव्याला कधी निघणार एवढंच विचारलं, तर म्हणाली, "आई, माझा तो आठवडा चालू झालाय. आत्ता काही विचारू नकोस, उगाच भांडण होईल. दोन-चार दिवसांनी मीच करते." आणि फोन ठेवला. मला राग आला नाही. हेवा वाटला, आणि हेव्याच्या मागोमाग एक जुना संताप वर आला. तो मुलीवरचा नाही. तो कोणावरचा आहे, ते आज लिहून टाकते.

मुलीकडं त्या आठवड्याला नाव आहे. ते घेऊन ती सरळ सांगू शकते, माझ्यापासून जरा लांब राहा. आमच्या घरात पाळीला नाव होतं, अडचण. कुणाला पाळी आली की 'तिला अडचण हाय' म्हणायचे आणि ती बाजूला बसायची. पण त्याच्या आधीचे जे दिवस असतात, जेव्हा उगाच रडू येतं, भांडं पडलं तरी जग बुडाल्यासारखं वाटतं, समोरचं माणूस नुसतं खोकलं तरी त्याला ढकलून द्यावंसं वाटतं, त्या दिवसांना आमच्याकडं शब्दच नव्हता. ज्याला शब्द नाही ते सगळं आमच्या घरात स्वभावावर ढकललं जायचं. अमकी तिरसट आहे. तमकीचं तोंड वाईट. हिला वळण नाही.

शिवाजी पेठेत आमचा डंक होता. डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं ओळीनं वर उचलली जातात आणि खालच्या उखळांत पडतात. खाली डंक आणि वर आम्ही. थंडी सरली की चटणीचा हंगाम सुरू व्हायचा तो पावसाची चाहूल लागेपर्यंत, आणि तेवढे महिने घर दिवसभर धडधडत असायचं. फडताळातली भांडी किणकिणायची, चहाच्या कपात वर्तुळं उठायची, आम्ही सगळे ओरडून बोलायचो आणि पावसाळ्यात डंक बंद झाला तरी ओरडूनच बोलायचो. पाहुणा जिन्यात आला की आधी त्याची शिंक वर यायची. आम्हाला शिंका येत नसत. तालमीतली पोरं फुटबॉल खेळून परतताना आमच्या दारावरून नाकाला टॉवेल लावून पळत सुटायची. आणि संध्याकाळी डंक थांबला की उखळाच्या कडेला चिकटलेली ताजी चटणी खरवडून, तिच्यावर कच्चं शेंगतेल ओतून, गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर आम्ही खायचो. त्या चवीचं मला आजही कौतुक आहे. बाकी त्या घराचं फारसं नाही.

डंक चालवायचे माझे वडील, आप्पा, आणि थोरला भाऊ, दादा. पण गिऱ्हाईक सांभाळायची आत्ती. ती आप्पांची थोरली बहीण, तरुणपणी विधवा होऊन आलेली, आवाज असा की डंक चालू असताना तिला ओरडावं लागत नसे. बायका मिरची घेऊन आल्या की दारातच ती विचारायची, "बरी हाईस न्हवं?" हा तब्येतीचा प्रश्न नव्हता. अडचण असेल तर बाईनं मान खाली घालायची आणि मिरची घेऊन परत जायचं. अडचणीच्या बाईचा हात लागला तर चटणी नासते, तिला अळी पडते, वर्षभर टिकत नाही, असं सगळे मानायचे. पलीकडच्या गल्लीतही एक डंक होता, तिथं कुणी काही विचारत नसे. म्हणूनच बायका उन्हात ओझं घेऊन लांबून आमच्याकडं यायच्या. "आत्तीच्या डंकावर इटाळ चालत न्हाई," हे आमच्या धंद्याचं नाव होतं. पाटी कुणी वाचत नव्हतं.

घरातल्या बायकांना हाच नियम दुप्पट. पाठीमागं मोरीला लागून एक लहान खोली होती. अडचण आली की तिथं चटईवर बसायचं, ताट-तांब्या वेगळा, जेवण कुणीतरी लांबून सरकवायचं. माझी आई वर्षानुवर्षं तिथं बसत आली, पुढं मी बसायला लागले, आणि मग दादाचं लग्न झाल्यावर वहिनी. वहिनीचं नाव शालन. बिद्रीजवळच्या एका गावातली, उंच, सावळी, हसली की हिरड्या दिसणारी. मी तेव्हा दहावी होऊन अकरावीत गेले होते. माझ्याहून ती चार-पाच वर्षांनीच मोठी, त्यामुळे घरात मला पहिल्यांदा कुणीतरी बोलायला मिळालं. ती नकला करायची. आत्तीची "बरी हाईस न्हवं?" ही नक्कल ती अशी करायची की मी पाण्याचा घोट बाहेर उडवायची.

पण महिन्यातले काही दिवस ती वेगळीच असायची. दूध उतू गेलं म्हणून ती चुलीपुढं बसून हुंदके देऊन रडली, एका थेंबानं कुणाचं काय बिघडतं असं आई म्हणेपर्यंत. एकदा मी तिच्या वेणीची रिबन घेतली, तर तिनं माझ्या अंगावर लाटणं फेकलं आणि म्हणाली, "परत हात लावलास तर बोटं मोडीन." दादाशी बोलणं बंद. आईशी उलट उत्तर. मग एके सकाळी ती चटई घेऊन मागच्या खोलीत जायची, आणि दुपारी मी ताट सरकवायला जावं तर तिथून गाण्याची गुणगुण ऐकू यायची. हसतमुख. रिबन स्वतःहून द्यायची. मला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हे दिसलं. अभ्यासात मी बेताची होते, पण रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट कळायला अभ्यास लागत नाही. वहिनी बाजूला बसायची तेव्हा ती चांगली असायची. आमच्या घरानं अडचण हा शब्द भलत्याच दिवसांना चिकटवला होता.

एकदा ती अशीच मागच्या खोलीत बसली असताना मी उंबऱ्याबाहेर बसून विचारलंच, "वहिनी, परवा एवढी का चिडलीवतीस?"

"मलाच कळत न्हाई गं," ती म्हणाली. "तुमचा खालचा डंक हाय न्हवं? तसा डोक्यात कोणतर चालू करतंय बग. धाड धाड धाड. सगळी वैरी वाटत्यात. तुझा दादा झोपंत श्वास घेतोय त्येचासुदीक राग येतोय." मग हिरड्या दाखवून हसली. "आनि रगात दिसलं की बटण बंद. एकदम शांत. मग आठवून लाज वाटत्या."

"कवापासनं असं होतंय?"

"शाणी झाल्यापासनं. आमची आई म्हणायची, आली बया, आता चार दिस हिच्या वाटंला जाऊ नगासा. गुळाचा खडा द्यायची आनि मळ्यात धाडायची. तितं कुणावर वराडनार? उसावर?"

मी हे आईला जाऊन सांगितलं. फार मोठा शोध लावल्यासारखं सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिनं तोंड वर केलं नाही. "समद्यांचंच हुतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, तुझंही? तर भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "बोलून दाकवायचं नसतंय. दात आवळून ऱ्हायाचं." आणि मग मला एकदम आठवलं की आई काही दिवस एक अक्षर बोलत नसे. आम्ही त्याला शांत स्वभाव म्हणत होतो.

मग तो हंगाम आला, वहिनीचा आमच्या घरातला पहिला. हंगामात आमच्याकडं फक्त कुटायचं काम नसे. ज्यांना घरी जमत नाही त्यांचा कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे भाजूनही द्यायचो. मोठ्या कढईपाशी घरच्या बायका. आता कढईपाशी बसणारी बाई मधेच बाजूला बसली तर काम अडायचं, म्हणून आत्तीनं फार आधीपासून एक तोड काढली होती. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. त्या सणावाराला, लग्नाकार्याला कोल्हापुरातली निम्मी घरं घेत होती, अजूनही घेतात, मेडिकलवाल्याला फक्त 'पुढं ढकलायची' म्हटलं तरी तो कागदात गुंडाळून देतो. फरक इतकाच की लोक चार-सहा दिवसांसाठी घेतात, आणि आत्तीनं हंगामभर ओढायचं ठरवलं होतं. चैत्रात जोतिबाची यात्रा, घरात नैवेद्य, त्याच्या आधी एका लग्नघरची मोठी चटणी, त्याच्यानंतर दुसरी. "एवडं झालं की सोड," असं ती दर वेळी म्हणायची. वहिनीलाही त्या चालू केल्या. गोळ्या दादा आणायचा. हे लक्षात ठेवायचं, पुढं लागणार आहे.

मुलीला एकदा डॉक्टरीणबाईंकडं नेलं होतं तेव्हा मी त्यांना या गोळ्यांचं विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं ते साधं आहे. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात बाईच्या अंगात एक हार्मोन चढतं. ते उतरलं की पाळी येते. बऱ्याच जणींना त्याच्या चढ-उताराचं विशेष काही वाटत नाही, काहींचं डोकं मात्र त्यानं ढवळून निघतं. त्यात त्यांचा स्वभाव वाईट असतो असं नाही, त्यांच्या मेंदूला ते सोसत नाही. आणि पुढं ढकलायची गोळी म्हणजे त्याच जातीचं औषध, ते उतरूच द्यायचं नाही. मी विचारलं, म्हणजे जिला तो आठवडा जड जातो तिला आपण त्याच आठवड्यात कोंडून ठेवतो? त्या म्हणाल्या, सगळ्यांना तसं होत नाही, पण काहींना होतं. मला एवढंच हवं होतं. पण हे मला कळलं तेव्हा माझी मुलगी कॉलेजात होती. त्या हंगामात मला फक्त इतकं दिसत होतं की वहिनीचं ते बटण बंद व्हायचं थांबलं होतं.

पहिला आठवडा नेहमीसारखा गेला, म्हणजे चिडचिडीत. मग दुसराही तसाच. मग ती चिडायचीही थांबली आणि कढईपुढं बसून नुसती रडायला लागली, आवाज न करता, हातातलं उलथनं चालूच. धुरानं डोळ्यांत पाणी येतंय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिची छाती दुखायची, पाय सुजायचे, तिला झोप लागत नव्हती. एकदा मला म्हणाली, "मंगल, मला माजीच भीती वाटालीया." मी आत्तीला जाऊन सांगितलं की गोळ्या बंद कर. आत्ती म्हणाली, "सतरा वरसाची न्हाईस आनि मला शिकवालीस? आमी काय खाल्ल्या न्हाईत व्हय?" आत्तीनं कधीच खाल्ल्या नव्हत्या. तिच्या काळात त्या नव्हत्या.

लग्नघरची चटणी निघाली त्या दिवशी दुकानापुढं बायकांची रांग होती. लग्नघरच्या काकी पेठेतलं मोठं प्रस्थ, त्या स्वतः खुर्ची टाकून आपल्या चटणीवर लक्ष ठेवून बसल्या होत्या. त्यांची कुटलेली लालभडक चटणी घमेल्यांत भरून ठेवलेली, आणि वहिनी उरलेलं खोबरं भाजत होती. मी पिशव्यांची तोंडं शिवत होते.

"आत्ती, सुनंचं ध्यान कुटं हाय?" काकी म्हणाल्या. "खोबरं करपालंय की."

"नवी हाय. शिकंल," आत्ती म्हणाली. आणि वहिनीच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू जाईल इतकं, "आईनं एवडंबी शिकवलं न्हाई व्हय गं?"

वहिनी उठली. तिनं उलथनं नीट कढईच्या काठावर ठेवलं, ते मला अजून दिसतं, आणि शेजारचं भरलेलं घमेलं उचलून रस्त्यावर भिरकावलं. लाल धुरळा उडाला. सगळी गल्ली शिंकायला लागली, सायकलवाला उतरला, रांगेतल्या बायका पदर तोंडावर धरून मागं सरल्या. कुणी मेल्यावरही हसू येईल असा तो प्रकार होता. आणि त्या शिंकांच्या वरून वहिनी ओरडली, "माजी अडचण येऊ द्या! त्या गोळ्या बंद करा! किती दिस अडवून धरनार मला? मला बाजूला बसू द्या!"

आप्पांनी डंक बंद केला. हंगामात दिवसाउजेडी तो कधीच बंद होत नसे, त्यामुळे शांतता अंगावर आली. अडचण हा शब्द बायका एकमेकींच्या कानात बोलतात. वहिनीनं तो भर रस्त्यात, पुरुषांदेखत, तालमीच्या पोरांदेखत आरोळी ठोकून म्हटला होता.

काकी खुर्चीवरून उठल्या. त्यांना आपल्या सांडलेल्या चटणीचं दुःख नव्हतं, त्यांचं डोकं शब्दावर अडकलं होतं. "कसल्या गोळ्या?" त्यांनी विचारलं. "आत्ती, म्हंजे हिला अडचण हाय? तारीक आलेल्या बायकांस्नी गोळ्या चारून कडईपाशी बसवतीस? त्यांच्या हातची चटणी माज्या घरच्या लग्नात?"

मागं रांगेत कुजबुज सुरू झाली. एका बाईनं आपली पिशवी हळूच जवळ ओढून घेतली. मी आत्तीकडं बघत होते. तिनं एकदा रांगेकडं बघितलं, एकदा वहिनीकडं. वहिनी मधोमध उभी, हात कोपरापर्यंत लाल. आणि आत्ती शांतपणे म्हणाली, "अडचण कसली घिऊन बसलीस? डोक्याच्या गोळ्या हायत त्या. लग्नाच्या आदीपासनं चालू हायत. आमाला फसवून दिली पोरगी. कुनाला सांगायचं? झाकून ठेवलंवतं."

काकींचा चेहरा मऊ झाला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "एवडी चांगली दिसत्या की गं." रांगेतल्या बायका च्च च्च करायला लागल्या. पिशवी ओढून घेणारीनं ती परत खाली ठेवली. आप्पांनी डंक चालू केला. दादा दारात उभा होता. त्यानंच आणल्या होत्या गोळ्या, मेडिकलमध्ये काय म्हणून मागितल्या हे त्याला ठाऊक होतं. तो वाकून रस्त्यावरची चटणी सुपात भरायला लागला.

डंक वाचला. इतकं साधं होतं ते. एक तर आमचा डंक विटाळलेला ठरणार होता, नाहीतर वहिनी वेडी. आत्तीला ठरवायला फार वेळ लागला नाही. मी आजही तिला वाईट बाई म्हणत नाही, कारण वाईट माणसाला निदान आपण काय करतोय ते कळतं. तिला त्यात काही चुकलं असं शेवटपर्यंत वाटलं नाही. बाजारात भाव सांगावा तसं तिनं ते सांगितलं होतं.

त्या दिवसापासून वहिनीनं गोळी घेतली नाही, आणि तिला द्यायची कुणाची हिंमतही झाली नाही. घरातून तिच्या वडिलांना, तात्यांना, निरोप गेला. तात्या तिसऱ्या दिवशी आले, धुतलेलं धोतर, हातात काकवीचा डबा. आणि नेमकी त्याच पहाटे वहिनीला अडचण आली होती. मी चहा घेऊन मागच्या खोलीशी गेले तर ती केस विंचरून, भिंतीला टेकून बसली होती. किती आठवड्यांनी मी तिच्या हिरड्या बघितल्या.

"मंगल, बटण बंद झालं बग," ती म्हणाली. "डोकं पिसागत हलकं झालंय. तात्या आल्यात न्हवं? मला तितं येऊन बोलू दे. मी सगळं नीट सांगते. आत्तीची माफीबी मागते, घमेलं टाकायला नगं हुतं."

मी सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, जाऊन आत्तीला म्हटलं, वहिनी बोलायला येते म्हणतेय. आत्ती म्हणाली, "सोप्यात देवारा हाय. भाईरच्या बाईनं न्हाई यायाचं." आणि तात्यांनी मान हलवली. त्यांनाही ते पटलं. ज्या बाईच्या डोक्याचा निवाडा चालला होता ती त्या महिन्यात पहिल्यांदा शांत होती, आणि शांत होती त्याच कारणानं तिला त्या खोलीत येता येत नव्हतं. मी हे लिहिताना हात थांबवून तिखटाची बोटं धुऊन आले. डोळ्यांना लागली तर उगाच गैरसमज व्हायचा.

"पावणं, गोळ्या चालू असलेली पोरगी तुमी दिली," आत्ती म्हणाली.

"कसल्या गोळ्या?" तात्यांनी विचारलं. "आमच्या शालनला कदी डोकेदुकीची गोळी दिली न्हाई. जरा कडक हाय सवभावानं. पर वेडी?"

"मग घमेलं कशानं फेकलं? समदी पेठ बगत हुती. इचारा जावयाला."

तात्यांनी दादाकडं बघितलं. दादा चटईच्या काड्या मोडत होता. तेव्हा मी दारातूनच बोलले, "दादानंच आणल्यात त्या गोळ्या. डोक्याच्या न्हाईत. अडचण लांबवायच्या हायत. त्यानंच वहिनीला तरास झाला. आता बंद केल्यात आनि ती बरी हाय, मागच्या खोलीत बसलीया, जाऊन बगा."

मला वाटलं होतं तात्या उठतील, ओरडतील, दादाची गचांडी धरतील. तात्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि ते जमिनीकडं बघायला लागले. जावई, व्याही, विहीण, आणि मधे एक शेंबडी पोरगी त्यांच्या लेकीच्या पाळीबद्दल बोलतेय. त्यांना वेडेपणावर वाद घालता आला असता. यावर त्यांना तोंडच उघडता येईना. आप्पा मला म्हणाले, "आत जा." आई माझा दंड धरून मला आत घेऊन गेली, आणि तिच्या पकडीत जो जोर होता तो तिनं त्या सोप्यात एकदा तरी वापरायला हवा होता. बाहेर तात्या म्हणत होते, "घिऊन जातो पोरीला. चार दिस ऱ्हाऊ दे माज्याकडं. डोकं थंड हुईल." चार दिवस म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं होतं.

वहिनीला मागच्या बोळातून नेलं, कारण पुढून जायचं तर सोपा लागतो. मी तिची पिशवी रिक्षापर्यंत दिली. ती रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "आता तुला बसवत्यात बग कडईपाशी. खोबरं बारीक आगीवर भाज. करपतंय लवकर." रिक्षा गेली.

दादाचं दुसरं लग्न झालं. त्या वहिनीला गोळ्या सोसल्या, कशाचंही काही वाटलं नाही, म्हणून ती गुणी ठरली. शालन वहिनी माहेरीच राहिली. गावात तिला अजून 'डोक्याची' म्हणतात असं कागलला एका लग्नात तिच्या गावच्या बाईकडून ऐकलं. तिचीही पाळी आता थांबली असेल, डोक्यातला डंकही थांबला असेल. शिक्का काढायला तसलं बटण नसतं.

ती गेली त्या संध्याकाळी आत्तीनं उरलेल्या गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली. "उद्यापासनं तू बस," ती म्हणाली. "तुजी तारीक जवळ आली असंल. चालू करून टाक, हंगाम हाय तंवर." माझा तो आठवडा लागलाच होता. दुपारपासून माझ्या कानशिलात धाड धाड चाललं होतं, आणि मला आत्तीच्या बांगड्यांच्या आवाजाचासुद्धा राग येत होता. मी पट्टी घेतली, मोरीत जाऊन एकेक गोळी फोडून पाण्यात सोडली आणि जेवून झोपले. पुढं त्याच हंगामात, माझी खरी पाळी असताना, मी कढईपाशी बसून लोकांचं खोबरं भाजलं, घमेली भरली, देवापुढं दिवासुद्धा लावला. नंतर लग्न होईपर्यंत दर महिन्याला तसंच केलं. कुणाच्या चटणीला अळी पडली नाही. लग्नघरच्या काकी तर दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, यंदाचा वास काय सुटलाय.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, चूळ भरली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हटलं, "आत्ती, मला अडचण आली." आली नव्हती, यायला अजून आठवडा होता. आत्तीनं हातातला तांब्या आपटला, "आत्ताच? आनि गोळी?" मी म्हटलं, उशीर झाला. चटई काढून मागच्या खोलीत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. कुणी काही विचारलं नाही, कुणाला काही सांगावं लागलं नाही. हवं तेवढं रडले. खाली डंक सुरू झाला. थोड्या वेळानं आत्ती स्वतः ताट घेऊन आली, भाकरी, चटणी, वर तेल. ती उंबऱ्यावर वाकली तशी मी उठून बसले आणि तिच्याच आवाजात म्हटलं, "शिवशील. लांबनं ठेव." ती झटकन मागं सरली. मी ताट ओढून घेतलं आणि पोटभर जेवले.